बदकाचा धूर

धुराला स्वतःचा असा रंग नसतो, तो बघणाऱ्याच्या मनात असतो, असं फेरीच्या मॅनेजरांचं म्हणणं होतं. हे वाक्य ते धक्क्यावर उभे राहून, नाकाला रुमाल लावून बोलले. रुमाल पांढरा होता. निदान वाक्य सुरू झालं तेव्हा होता.

नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली आणि कोंबड्यांची खुराडी नेणारी ती बोट बुडाशी रुंद, पुढून जरा वर उचललेली आणि चालताना किंचित डुलणारी होती. म्हणून सगळे तिला बदक म्हणत. बदक पांढरंशुभ्र होतं तोवर हे नाव शोभत होतं. हल्ली काठावरची माणसं म्हणायची, "आला बघा कावळा," आणि वाऱ्याची दिशा पाहून जागा धरायची. धक्क्याशेजारच्या धुलाईवाल्यानं तर दुकानच हलवलं. जाताना तो बदकाच्या मिस्त्रीला म्हणाला, "आपली भागीदारी असती तर बरं झालं असतं हो. तुम्ही मळवा, आम्ही धुऊ."

मिस्त्री म्हणजे बदकाचं इंजिन चालवणारा. त्याच्या आधी ते त्याचे सासरे चालवत. बायकोबरोबर इंजिन आंदण मिळालं, असं लोक म्हणत. पण ते तसं नव्हतं. आधी इंजिन चालवता येतं की नाही हे सासऱ्यांनी नीट पाहून घेतलं आणि मग मुलगी दिली. मुलीलाही विचारलं होतं, पण नंतर.

आता धुराचं कारण. त्यात गूढ असं काही नव्हतं. बदकाच्या टाकीत डिझेल यायचं बंद झालं होतं आणि मिश्रण यायला लागलं होतं. मिश्रण म्हणजे डिझेलात जड तेल घालायचं. जड तेल म्हणजे कच्च्या तेलातून चांगलं ते सगळं काढून घेतल्यावर तळाशी जे उरतं ते. काळं, घट्ट, डांबराचं धाकटं भावंड. ते स्वस्त पडतं. मोठाल्या जहाजांची इंजिनं ते खातात, नाही असं नाही, पण त्यांना ते गाळून आणि ऊन ऊन वाढलं जातं. बदकाच्या पानात ते थंडगार पडायचं.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा इतकी दाबतात की ती आपोआप तापते, आणि त्या तापल्या हवेत नोझलमधून तेलाचा फवारा सुटला की तो पेट घेतो. फवारा कसा पाहिजे, तर धुक्यासारखा. गार, घट्ट तेलाचं धुकं होत नाही. ते थुंकल्यासारखं येतं. मोठे थेंब पेटायला वेळ लावतात आणि मग उशिरा आलेल्या वऱ्हाडासारखे सगळे एकदम आत घुसतात. इंजिन ठणठण करतं. जे जळायचं राहून जातं त्याची काजळी होते. थोडी धुराड्यातून लोकांच्या सदऱ्यांवर जाते, थोडी नोझलच्या तोंडावर बसते. तोंड काजळलं की फवारा आणखी बिघडतो, आणि फवारा बिघडला की तोंड आणखी काजळतं.

हे सगळं मिस्त्रीनं मॅनेजरांना सांगितलं होतं. एकदा हळू आवाजात, एकदा मोठ्या आवाजात आणि एकदा नोझल टेबलावर आदळून.

"तुमचा मुद्दा पोचला," मॅनेजर म्हणाले होते. "आता तुम्ही इंजिन आणि तेल यांच्यात समन्वय साधा."

मॅनेजरांना प्रत्येक वाक्यात एक तरी समन्वय लागायचा. लोक त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे समन्वय. त्यांनी धुरावर एकामागून एक उपाय केले. बदकाचं धुराडं काळं रंगवून घेतलं, म्हणजे धुराडं कुठं संपतं आणि धूर कुठं सुरू होतो ते कळू नये. मग बोटीतली बाकं उलटी बसवली, म्हणजे प्रवाशांची पाठ धुराकडे राहावी. त्यामुळे प्रवासी आपण जिथून निघालो तिकडे बघत प्रवास करू लागले आणि पलीकडचा काठ आला की दचकू लागले. तिसरा उपाय म्हणजे त्यांनी चूळ बंद केली.

बदकावर एक जुनी रीत होती. इंजिन थांबवायच्या जरा आधी मिस्त्री एक खिट्टी फिरवायचा आणि छोट्या टाकीतलं साधं, पातळ डिझेल इंजिनाला द्यायचा. त्यानं नळ्या, फिल्टर, नोझल सगळं आतून धुऊन निघायचं. याला चूळ भरणं म्हणत. मिश्रण आल्यापासून तर ती चूळ म्हणजे जीव की प्राण होती. चूळ न भरता इंजिन थांबलं की नळ्यांतलं घट्ट तेल गार होऊन बसे ते बसेच. त्यात मिश्रणाची नवी टाकी डेकवर, नळ्या उघड्यावर, आणि दिवस थंडीचे.

"थांबणाऱ्या इंजिनाला चांगलं डिझेल कशाला पाजायचं?" मॅनेजरांनी विचारलं. "ते तर थांबणारच आहे." आणि छोट्या टाकीला कुलूप लावलं.

तेव्हापासून मिस्त्री दिवसभर इंजिन बंदच करत नसे. जेवायला गेला तरी बदक धक्क्यावर धडधडत उभं. संध्याकाळी नाइलाजानं थांबवायचं आणि सकाळी धक्क्यावरच्या चहावाल्याकडून पातेली भरभरून गरम पाणी घ्यायचं, पोती भिजवायची, नळ्यांना गुंडाळायची, चोळायचं. चहावाला म्हणायचा, "मिस्त्री, तुमचं इंजिन म्हणजे बाळंतीण झालंय. रोज शेक."

एवढं करून बोल मिस्त्रीलाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, फक्त इथं संन्याशाला स्वतःचा दोर स्वतःच वळायला सांगितला होता.

पण हा राग मिस्त्री गिळू शकला असता. न गिळता येणारा राग घरी होता.

सासरे त्याच्याच घरी राहत. जन्मभर इंजिनाशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. मात्र बदकाचं इंजिन त्यांना अजून ऐकू यायचं. खिडकीशी बसून ते काठीचं टोक तावदानाला लावत, मूठ गालाच्या हाडावर दाबत आणि काठीतून येणारी थरथर ऐकत. इंजिनघरात लांब पाना कानाशी धरून ते असंच ऐकायचे. म्हाताऱ्याला दारावरची थाप ऐकू यायची नाही, मुलीची हाकही नाही, पण दोन गल्ल्यांपलीकडच्या नदीवर बदकाचा कुठला सिलिंडर उशिरा पेटतोय ते त्यांना बसल्या जागी कळायचं.

आणि हा सगळा हिवाळा ते त्यांना कळत होतं. त्यामुळे त्यांनी जावयाशी बोलणं टाकलं होतं.

"तुझ्या नवऱ्याला सांग," ते जेवताना मुलीला म्हणाले, "आज दुसरा आणि तिसरा दोन्ही उशिरा पेटत होते. ठणठण भांडी आपटल्यासारखी येत होती."

"बाबा, ते समोरच बसलेत."

"म्हणूनच सांग. मला तिकडे बघायचं नाही."

"अहो बाबा," मिस्त्री ओरडला, "तेल जड आहे. तेल. गार तेल."

"नाचता येईना अंगण वाकडं," सासरे वरणात बघत म्हणाले. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण चोरट्या नजरेनं ओठ वाचता यायचे. "माझ्या हातात होतं तेव्हा धुराड्यावर पांढरं फडकं धरलं तरी डाग पडत नव्हता. जावईबापूंच्या हातात दिलं आणि त्याची चूल झाली. सांग त्यांना."

मिस्त्री बशीत तेल आणि पाणी घेऊन थेंबांचा खेळ दाखवायला उठला, तसे सासऱ्यांनी डोळे मिटले. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की तो घराबाहेर गेल्यासारखाच. मिस्त्री बशी घेऊन तसाच उभा राहिला.

"बसा हो," बायको म्हणाली. "बशीतलं सांडलं तर तेही तुमच्याच नावावर."

त्याच आठवड्यात मॅनेजरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की सोमवारी कंपनीच्या अध्यक्षबाई येणार आहेत, मिश्रणाचं यश बघायला. धक्क्यावर भाषण होईल, मग बाई बदकातून पलीकडे जातील. "सोमवारी धूर दिसला," ते मिस्त्रीकडे बघून प्रेमानं म्हणाले, "तर आपल्याला इंजिनाच्या आणि चालकाच्या समन्वयाचा फेरविचार करावा लागेल. तुम्हाला तिकीटखिडकीचा अनुभव देऊ. तिथे बसायला उशीसुद्धा आहे."

"आणि इंजिनावर कोण?"

"माझा भाचा आहे. यंत्राचा अनुभव आहे त्याला."

भाचा कार्यालयात प्रती काढायच्या यंत्रावर बसायचा. तेही खरं तर अडकायचंच.

मिस्त्री तिथून तडक तेलाच्या गोदामात गेला. तिथं तेलतपासणीच्या बाई बसायच्या. तिशीच्या आतल्या, तेलाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या आणि सदैव वैतागलेल्या. मिश्रण काढलं त्यांनीच, म्हणून मिस्त्री आजवर त्यांच्यावरही धुमसतच होता.

"तुम्हाला झोप कशी लागते?" त्यानं दारातूनच विचारलं.

"नाही लागत," बाई म्हणाल्या. "बसा."

त्यांनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. दोन्हींत तेच काळं मिश्रण. एक बाटली त्यांनी शेगडीवरच्या गरम पाण्यात धरली, मग दोन्ही एकदम आडव्या केल्या. गरम बाटलीतलं तेल पाण्यासारखं धावलं. गार बाटलीतलं निघायचा विचार करत राहिलं.

"मी पाचात एक भाग जड तेल म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. "साहेबांनी पाचात तीन केलं. मी म्हटलं होतं गाळून द्या, गरम करून द्या, थांबवताना साध्या डिझेलवर घ्या. म्हणजे नवरी, नवरा, मांडव सगळं सांगितलं होतं. यांनी नुसता घोडा आणला आणि म्हणतात लग्न झालं."

"गरम कशावर करणार होतात?"

"हीटर मागवला होता. तेलाचाच, इंजिनाआधी नळीवर बसवायचा. आलासुद्धा. मी स्वतः उतरवून घेतला. आणि मग तो गेला."

"कुठे गेला?"

"विचारलं तर म्हणतात, प्रक्रियेत आहे."

त्या रात्री जेवताना मिस्त्रीनं हे बायकोला सांगितलं. ती फेरीच्या विश्रामगृहाची देखरेख बघायची. धक्क्यासमोरच ते होतं, आणि मॅनेजर तिथंच राहत. तिनं घास हातातच धरला.

"पितळी काटा असलेला का? अंगावर लाल अक्षरांत 'फक्त तेलासाठी' लिहिलेला?"

"तुला कसं माहीत?"

"अहो, तो तर साहेबांच्या न्हाणीघरात आहे. थंडी पडल्यापासून. पाणी इतकं कडक येतं त्यातून की साबण हातात विरघळतो. मला वाटलं, तसाच मिळतो हल्ली."

मिस्त्रीनं ताट बाजूला सारलं. म्हणजे गावभर लोकांचे सदरे काळे, नोझलांची वाट लागलेली, पिस्टनच्या रिंगा झिजून कागद झालेल्या, स्वतःच्या घरात स्वतःच्या ताटावर तो चोर ठरलेला, आणि हे सगळं कशासाठी, तर एका माणसाच्या पाठीला ऊन पाणी लागावं म्हणून.

"मी काढून आणू?" बायको म्हणाली. "पाना द्या."

"नको. चोरीसुद्धा माझ्याच नावावर लागेल."

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅनेजरांना सरळ विचारलं. मॅनेजर जराही गडबडले नाहीत. "हीटर चाचणीवर आहे," ते म्हणाले. "तेलाला आग लागू शकते, पाण्याला लागत नाही. म्हणून आधी पाण्यावर चाचणी. सुरक्षिततेशी आपण तडजोड करत नाही."

"आणि चाचणी कधी संपणार?"

"उन्हाळ्यात," मॅनेजर म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी समन्वयाशिवाय, अगदी मनापासून सांगितलं.

सोमवार उजाडला तो गारठूनच. मिस्त्रीनं पहाटेच चहावाल्याच्या पाण्यानं नळ्या शेकून इंजिन सुरू केलं. बदक धडधडू लागलं, धूरही सुटला, पण इंजिन तापत गेलं तसा तो बराच विरळ झाला. मिस्त्रीनं ठरवलं होतं, आज काही झालं तरी इंजिन बंद करायचं नाही. तापलेलं राहिलं तर निभेल.

मग मॅनेजर आले. धक्का शोभिवंत दिसावा म्हणून त्यांनी चहावाल्याला शेगडी-पातेल्यांसकट दिवसभरासाठी हाकललं. कुंड्या मांडल्या. एका कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं, त्यावरची काजळी भाच्यानं फुंकरीनं उडवली. तपासणीबाई एका कडेला पर्स घट्ट धरून उभ्या राहिल्या. सासरेही आले होते. लेकीनं नको नको म्हटलं तरी काठी टेकत आले आणि इंजिनघराच्या झरोक्याशी, कठड्याला काठी लावून बसले. जावयाकडे पाठ करून.

अध्यक्षबाई आल्या. साठीच्या, अंगावर जाड कोट, चेहऱ्यावर लवकर आटपा असा भाव. भाषण सुरू झालं आणि मॅनेजरांनी कपाळाला आठी घालून बदकाकडे पाहिलं. धडधडीत त्यांचे समन्वय ऐकू जात नव्हते. ते तरातरा झरोक्यापाशी आले.

"इंजिन बंद करा."

"साहेब, चूळ भरल्याशिवाय बंद केलं तर पुन्हा सुरू होणार नाही. छोट्या टाकीची किल्ली द्या, मग करतो."

"आज तर आपण डिझेल न वापरण्याचंच यश साजरं करतोय. बंद करा."

"साहेब, गारठा बघा."

"मी हे सांगतोय की विचारतोय, मिस्त्री?"

मिस्त्रीनं बंद केलं. धक्क्यावर इतकी शांतता पसरली की लोकांना नदीचा आवाज ऐकून नवल वाटलं. त्या शांततेत मॅनेजर मनसोक्त बोलले. दूरदृष्टीवर बोलले, मग दूरदृष्टीच्या दूरदृष्टीवर बोलले. उघड्या नळ्यांवरून वारा वाहत होता, आणि त्यांच्यातलं तेल भाषण ऐकता ऐकता जागीच थिजत होतं. श्रोत्यांचंही तेच होत होतं.

अखेर अध्यक्षबाई बदकात चढल्या, लोक चढले, उलट्या बाकांवर बसले. मॅनेजरांनी हात केला. मिस्त्रीनं झडप उघडली. हे इंजिन दाबाच्या हवेनं सुरू व्हायचं. बाटलीसारख्या पोलादी टाकीत हवा भरलेली असते, ती सोडली की पिस्टन हलतात आणि मग तेल पेटतं. हवा सुटली, पिस्टन फिरले, तेल आलंच नाही. पुन्हा सोडली. एक गचका, एक काळा ढेकर, आणि परत सामसूम. हवेचा काटा पार खाली आला.

"घोडं कुठं पेंड खातंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"चालकाचा निष्काळजीपणा," मॅनेजर म्हणाले. "मी म्हटलंच होतं. भाच्या, खाली ये."

भाचा खाली आला, इंजिनाकडे पाहिलं आणि म्हणाला, "याचं झाकण कुठून उघडतं?"

"नळ्यांत तेल गोठलंय," मिस्त्री म्हणाला. "गरम पाणी पाहिजे. भरपूर. चहावाला कुठाय?"

चहावाला शोभेसाठी हाकललेला होता. धक्क्यावर कुंड्या होत्या, सतरंजी होती, ध्वनिक्षेपक होता, पण गरम म्हणावं असं काहीही नव्हतं. तेवढ्यात समोरच्या विश्रामगृहाच्या दारातून मिस्त्रीची बायको दोन्ही हातांत वाफाळत्या बादल्या घेऊन आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं खिडकीतून काळा ढेकर पाहिला होता.

"अजून आहे," ती म्हणाली. "वाटेल तेवढं आहे. रांग लावा."

लोक कंटाळलेलेच होते. पटापट उतरले आणि रांग लागली. न्हाणीघरापासून धक्क्यापर्यंत हातोहात बादल्या. तपासणीबाईंनी पर्स कुंडीत ठेवली आणि पदर खोचून नळ्यांवर पोती गुंडाळू लागल्या. मॅनेजर, "एवढं नको, पुरे झालं, मी कळवतो," असं म्हणत रांगेच्या मध्येच घुसले, आणि त्यांच्याही हातात कुणीतरी बादली दिली.

अध्यक्षबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग एका बादलीत बोट घालून त्यांनी ते झटकन काढलं.

"एवढं कडक पाणी? न संपता? कशावर तापतंय हे?"

मॅनेजर म्हणाले, "आमच्या विश्रामगृहाची सोय चांगली आहे."

नळ्यांवरून वाफ निघत होती. मिस्त्रीनं फिल्टरजवळची चावी सैल केली. तेल आधी थेंब थेंब आलं, मग धार लागली. पातळ. त्यानं चावी कसली आणि हवेच्या झडपेवर हात ठेवला. आणि तसाच उभा राहिला.

"चला की," मॅनेजर म्हणाले.

"साहेब, बाटलीत एकाच खेपेची हवा उरलीये," मिस्त्री म्हणाला. आवाज हळू होता, त्यामुळे सगळे गप्प झाले. "ती सोडायच्या आधी एक काम करा. ते झरोक्याशी बसलेत ते माझे सासरे. हे इंजिन त्यांनी मला धडधाकट दिलं. ते का बिघडलं तेवढं त्यांना सांगा. माझं ते ऐकत नाहीत. आणि जरा मोठ्यानं, कान गेलेत त्यांचे. या इंजिनापायीच गेलेत."

"हा काय पोरखेळ आहे? तुम्ही आत्ताच्या आत्ता तिकीटखिडकीवर..."

"जातो. पण मग ही हवा तुमचा भाचा सोडेल."

सगळ्यांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा म्हणाला, "मामा, सांगून टाका."

अध्यक्षबाई बाकावर बसल्या. उलट्या बाकामुळे त्यांचं तोंड नेमकं मॅनेजरांकडे झालं. "सांगा," त्या म्हणाल्या. "मलाही ऐकायचंय."

मॅनेजर झरोक्याशी वाकले. सासऱ्यांनी त्यांच्याकडे तोंड फिरवलं आणि कानामागे हात धरला.

"आजोबा, यात अनेक पातळ्यांवर समन्वयाचा अभाव..."

"काय?"

"म्हणजे तेल जरा थंड होतं."

"आं? मोठ्यानं बोला. पोटातून."

मॅनेजरांनी इकडेतिकडे पाहिलं. रांग बादल्या धरून उभी होती. त्यांनी श्वास घेतला आणि ओरडले, "तेल तापवायचा हीटर माझ्या न्हाणीघरात आहे."

सकाळपासून सुरूच असलेला ध्वनिक्षेपक जवळच उभा होता. त्यानं ते वाक्य पलीकडच्या काठाला सांगितलं. तिथं बदकाची वाट बघत उभ्या असलेल्या एका माणसानं हात हलवून, ऐकू आलं, अशी खूण केली.

सासऱ्यांनी मान डोलावली. मग काठी कठड्याला लावली, मूठ गालाच्या हाडावर दाबली आणि जावयाकडे बघून बोट उचललं. मिस्त्रीनं हवा सोडली.

पिस्टन फिरले. एक, दोन, आणि इंजिन पेटलं. ठणठण नाही, गचके नाहीत. झिजलेल्या रिंगांची घरघर होती, ती राहणारच होती. तीन महिन्यांची झीज कुणाच्या ओरडण्यानं भरून येत नाही, हे मिस्त्रीला माहीत होतं आणि त्याचा राग तेवढ्यापुरता तसाच राहिला. पण चारही सिलिंडर वेळेवर पेटत होते. धुराड्यातून थोडी काळी लाट आली, मग राखाडी, मग वर बघून शोधावी लागेल इतकी पुसट.

अध्यक्षबाईंनी नदी ओलांडताना तपासणीबाईंना शेजारी बसवून घेतलं आणि त्यांच्या पर्समधल्या तेलाच्या दोन्ही बाटल्या स्वतः आडव्या करून पाहिल्या. हीटर दुपारच्या आतच न्हाणीघरातून निघाला. काढायला मिस्त्रीची बायको पाना घेऊन तयारच होती. छोट्या टाकीचं कुलूपही गेलं. मॅनेजरांचं काही फारसं बिघडलं नाही. अशा माणसांचं बिघडत नाही. आठवड्याभरात, आणीबाणीत जनतेच्या सहभागातून गरम पाण्याचं नियोजन कसं करावं, यावर बोलायला त्यांना दुसऱ्या गावच्या फेरीनं बोलावलं. ते गेलेसुद्धा. मिस्त्रीला हे कळलं तेव्हा त्यानं हातातला पाना इतका जोरात आपटला की इंजिनाच्या रंगाचा एक पापुद्रा उडाला. मग त्यानं ती जागा पुन्हा रंगवली. इंजिनाचा काय दोष. तिकीटखिडकीच्या उशीवर भाचा बसला. त्याला ती आवडली.

पण हे पुढचं. त्या सोमवारी संध्याकाळी मिस्त्री घरी आला तेव्हा सासरे खिडकीशी नव्हते. जेवायला आधीच बसले होते आणि जावयाच्या समोर बसले होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "मीठ द्या."

मिस्त्रीनं मीठ दिलं. बायको वाढता वाढता थांबली आणि पुन्हा वाढू लागली.

"दुसऱ्याच्या रिंगा बदलून घ्या," सासरे म्हणाले. "घरघर येतेय."

"घेतो." मिस्त्रीनं घास घेतला, मग त्याला राहवेना. तो ओठ नीट हलवत म्हणाला, "बाबा, मॅनेजर पहिल्यांदा बोलले तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना? ओठ तर समोरच होते."

"कळलं होतं."

"मग दोनदा परत कशाला बोलायला लावलंत?"

सासऱ्यांनी आमटीचा भुरका मारला. "पहिल्या दोन वेळेला नुसताच धूर होता," ते म्हणाले.